पांढऱ्या साडीपुढची सुई

दुपारी दोन ते चार या वेळेत जालन्यातल्या मस्तगडच्या आमच्या गल्लीत फारसं काही घडत नाही. कापडवाले गाद्यांवर आडवे होतात, ऑटोवाले मागच्या सीटवर पाय बाहेर काढून झोपतात आणि माझ्या दुकानाच्या वरच्या खिडकीतून ऊन हळूहळू टेबलावर उतरतं. त्या वेळेला मी एखादा जुना कॅमेरा टेबलावर ठेवतो, त्याचं भिंग खिडकीकडे करतो आणि वरच्या इवल्याशा काचेत बघत बसतो. आत एक सुई असते, केसाएवढी. खिडकीवरून कबुतर गेलं की ती जरा खाली येते, मग सावकाश वर सरकते. समोरच्या गच्चीवर कोणी चादर वाळत घातली तरी तिला समजतं. ढग आला तर माझ्या आधी तिला कळतं. अशा कितीतरी दुपारी मी नुसती ती सुई बघत घालवल्या आहेत. बायको डबा घेऊन आली की दारातूनच विचारते, "काम करून राह्यले का झोपून राह्यले?" मी दोन्हीच्या मधलं काहीतरी करत असतो, पण ते तिला नीट सांगता येत नाही.

मी कॅमेरे दुरुस्त करतो. चाळीस वर्षं होऊन गेली. आधी मामांच्या हाताखाली जुन्या जालन्यात घड्याळं उघडायला शिकलो, तिथून कॅमेऱ्यात आलो आणि तिथेच राहिलो. मध्यंतरी अशी काही वर्षं गेली की दुकानात माशीसुद्धा फिरकत नव्हती. मोबाईल आले, रोल बंद झाले, रोल धुणारे बंद झाले. मी मात्र शटर वर करायचो आणि बसायचो. मग काय कोणाच्या डोक्यात आलं कोण जाणे, तरुण मुलं आजोबांच्या कपाटातले कॅमेरे काढायला लागली. आता पुण्याहून, नागपुराहून कुरिअरनं खोकी येतात. आत चिठ्ठी असते, 'काका, मीटर चालत नाही.' दहातले आठ कॅमेरे मीटरपायीच येतात.

मीटर म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगायला मला आवडतं. रोलला उजेड मोजून द्यावा लागतो. कमी पडला तर फोटो काळा, जास्त झाला तर फिक्का. मोबाईल हे सगळं आपलं आपण करतो आणि तुम्हाला पत्ताही लागू देत नाही. जुन्या कॅमेऱ्यात भिंगाजवळ एक लहान गोल काच असते. तिच्यामागे मुगाच्या डाळीएवढा डोळा बसवलेला असतो. त्याच्यावर उजेड पडला की तारेतून वीज वाहते, जितका उजेड तितकी सुई वर. तुम्ही भिंगाभोवतीची कडी फिरवायची आणि सुई मधल्या खुणेवर आणायची. बस्स, एवढंच. सुई मधोमध आली की बटण दाबायचं.

आणि बिघडतं काय? बहुतेक वेळा सेल. वर्षानुवर्षं आत राहिलेला सेल फुगतो, पाझरतो, हिरवी भुकटी होते आणि ती भुकटी तार खाऊन टाकते. व्हिनेगरनं पुसायचं, तार बदलायची, सुई उठते. कधी सुईच अडकलेली असते, कधी डोळा म्हातारा झालेला असतो. सगळ्यात अवघड दुखणं म्हणजे सुई हलते, अगदी ऐटीत हलते, पण खोटं सांगते. त्या सुईचं खोटं पकडण्यात माझा हात कोणी धरत नाही, असं मी मानत होतो. अजूनही थोडं मानतो.

गिऱ्हाइकंही एकेक नमुने. जुने सेल आता मिळत नाहीत, त्यात पारा असायचा म्हणून ते बनवणंच थांबलं. मी त्याच्या जागी कानाच्या मशीनचा सेल बसवतो, तो बरोबर बसतो. तहसिलातून निवृत्त झालेले एक अप्पा होते, त्यांना मी हे सांगितलं तर त्यांनी जागच्या जागी कानातलं मशीन काढलं, त्याचा सेल कॅमेऱ्यात घातला आणि खूश. पुढे ते नेहमी तसंच करायचे. फोटो काढताना ऐकू यायचं नाही आणि ऐकू येत असताना फोटो निघायचा नाही. मी ओरडून विचारलं, दोन सेल का नाही ठेवत? तर म्हणाले, "फोटो काढताना ऐकायचं कशाला? समोरची माणसं नुसती 'जल्दी करा, जल्दी करा' म्हणतात." एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलचा फोरमन आला होता. भट्टीतलं लोखंड किती तापलंय ते सुईवर कळेल का, असं त्याला वाटत होतं. करून बघितलंही त्यानं. सुई वर जाऊन जी बसली ती बसली. ती खाली आणायला मला अख्खी दुपार लागली.

या धंद्यानं माझे डोळे मात्र बदलले. मी उजेड आकड्यांत बघायला लागलो. सकाळी मोंढ्यात धान्याची पोती उतरताना धूळ उडते, तिच्यातून येणारं ऊन वेगळं. मिलच्या धुरकट हवेतून संध्याकाळी येणारं तांबूस ऊन वेगळं. पाडव्याला चुना मारलेल्या भिंतीवरचं आणखी वेगळं. रस्त्यानं चालताना मनातल्या मनात सुई वरखाली होत असते. समोरून ओळखीचा माणूस येतो, नमस्कार करतो, आणि मी त्याच्या कपाळावर किती उजेड पडलाय ते बघत पुढे निघून जातो. पुष्कळ जण मला गर्विष्ठ समजतात.

पण आज सांगायचं आहे ते साळवे गुरुजींच्या कॅमेऱ्याचं.

वामन साळवे हे नाव जालन्याच्या आसपासच्या खेड्यांत जुन्या लोकांना माहीत आहे. ते शाळेत गुरुजी आणि सुट्टीच्या दिवशी फोटोग्राफर. बौद्ध वस्त्यांमधली लग्नं, नामकरणं, विहारांची उद्घाटनं, सगळे फोटो त्यांचे. रोल स्वतः धुवायचे, कॅमेरा स्वतः साफ करायचे, त्यामुळे माझ्या दुकानाशी त्यांचा संबंध कधी आला नाही. रस्त्यात भेटलो की नमस्कार, त्याच्यापुढे नाही. त्यांच्या मुलीच्या, सुजाताच्या लग्नाची पत्रिका त्यांनी मला दुकानात आणून दिली होती. मी गेलो नाही. का गेलो नाही ते आता नीट आठवत नाही, आणि आठवत नाही हेच त्याचं उत्तर आहे.

तीच सुजाता मागच्या वर्षी दुकानात आली. आता ती स्वतः शाळेत शिकवते, केसांत पांढरं दिसायला लागलंय. पिशवीतून तिनं कॅमेरा काढला.

"काका, बाबांचा हाय. धा-बारा वर्षं कपाटात पडून होता. आमच्या प्रज्ञाचं लग्न हाय ना, तर बाबा म्हणून राह्यले, एक रोल मीच काढणार. नातीचा फोटो दुसऱ्याच्या हातचा नको."

"दिसतं का त्यांना आता?"

"दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. माणसं दिसतात, पण उजेडाचा अंदाज न्हाई राह्यला. म्हणले, सुई तेवढी चालू करून आण, मंग मला कोणी लागत न्हाई."

तिनं लग्नाची पत्रिकाही टेबलावर ठेवली. "तुम्ही यायचं बरं का, काकूंना घेऊन."

"बिलकुल येणार," मी म्हणालो.

ती गेल्यावर मी कॅमेरा उघडला. दुखणं नेहमीचंच होतं. सेल फुगून चिकटलेला, डबीत हिरवी भुकटी, प्लास्टिकच्या आत तार काळी पडलेली. साफ केलं, नवी तार जोडली, सेल घातला. सुई झोपेतून उठल्यासारखी वर आली. अशा वेळी मला अजूनही आनंद होतो. कपाटातल्या अंधारात इतकी वर्षं काढून तिला उजेड ओळखू येतो, याचं मला नवल वाटतं.

मग खरं-खोटं तपासायचं. माझी एक पाटी आहे, राखी रंगाची. ती खिडकीत उभी करायची, माझ्या भरवशाच्या मीटरनं मोजायचं आणि मग गिऱ्हाइकाच्या मीटरनं. गुरुजींची सुई दीड स्टॉप खाली दाखवत होती. स्टॉप हे आमचं उजेडाचं माप, म्हणजे सुई उजेड आहे त्याहून बराच कमी सांगत होती. सेल बदलला, तसंच. कडी स्पिरिटनं पुसली, तसंच. खिडकीतल्या उन्हात दीड खाली, टेबलाखालच्या सावलीत दीड खाली.

इथे मला थांबायला हवं होतं. बिघडलेला मीटर असं वागत नाही. तो उन्हात एक सांगतो, सावलीत दुसरंच. ही सुई कुठेही न्या, तेवढीच खाली, रेघ मारल्यासारखी. चाळीस वर्षांच्या माणसाला एवढ्यावरून संशय यायला पाहिजे. पण मी सुस्तावलो होतो आणि माझ्याच हुशारीवर खूश होतो.

पुढची कडी उतरवली तर गोल काचेमागे, डोळ्याच्या बरोबर पुढे, एक राखट तुकडा चिकटवलेला. रोलचाच तुकडा, कडेनं गोल कापलेला, डिंकाचा एकही डाग नाही. इतकी सफाईदार घाण मी जन्मात पाहिली नव्हती, तरी मी तिला घाणच म्हटलं. कोणीतरी अर्ध्या हळकुंडाच्या मेकॅनिकनं काहीतरी करून ठेवलंय, असं मनात आलं. चिमट्यानं तो तुकडा काढला, फुंकर मारली, तो टेबलाखाली कुठेतरी गेला. सुई मोजली. बरोबर मधोमध. चिठ्ठीवर लिहिलं, 'मीटर अचूक', खाली सही केली.

लग्नाच्या दिवशी मी दुकानातच होतो. दुकान बंद ठेवता येत नाही, असं बायकोला सांगितलं. त्या दिवशी एकही गिऱ्हाईक आलं नाही.

पाच-सहा दिवसांनी सुजाता रोल घेऊन आली. गुरुजींची रसायनं केव्हाच खराब झाली होती, म्हणून धुवायचं काम माझ्याकडे आलं. मी रोल धुतला आणि खिडकीत टांगला. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं, पांढरं काळं दिसतं आणि काळं पारदर्शक. नवरीची पांढरी साडी, नवऱ्याचा पांढरा सदरा, मागे उभ्या पांढऱ्या लुगड्यातल्या बायका, सगळ्यांचे कपडे सुरेख आले होते. एकेक निरी मोजावी अशी. पण चेहऱ्यांच्या जागी नुसती कोरी काच. छापून बघितलं तर कपड्यांमध्ये काळे गोळे. नाकडोळे शोधावे लागत होते.

सुजाता पुढे बसलेली. तिनं एक फोटो हातात घेतला आणि बराच वेळ ठेवलाच नाही.

मी म्हणालो, "वय झालं गुरुजींचं. डोळ्यांचं असं झाल्यावर हातातून निसटतंच. सुई तर अचूक होती."

हे मी म्हणालो. ते वाक्य मला अजून ऐकू येतं.

"बाबांना काय सांगू?" तिनं विचारलं.

"सांगा की, मोबाईलवर पोरांनी काढलेले आहेतच."

ती फोटो पिशवीत घालून गेली. आठवड्यानं परत आली तेव्हा तिच्या हातात तोच कॅमेरा आणि बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता.

"बाबा म्हणले, कॅमेरा काकांना देऊन टाक. कोणी शिकणारं आलं तर कामी येईल. आणि हे जुने निगेटिव्ह, घरी वाळवी लागून राह्यली." मग म्हणाली, "म्हणले, हात गेला माझा. आता दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून ऱ्हातात, काका. फोटो दाखवले त्या दिवसापासून. जेवाय उठवलं तर उठतात, न्हाई तर न्हाई."

मला वाईट वाटलं, पण म्हाताऱ्या माणसाबद्दल जेवढं वाटतं तेवढंच. माझा त्यात काही हात आहे असं मनातही आलं नाही.

डबा मी दुपारी उघडला. आत कागदाच्या सुरळ्या, प्रत्येकीवर गावाचं नाव, गुरुजींच्या शाळेतल्या फळ्यावरच्या अक्षरात. बदनापूर, अंबड, परतूर, मंठा, आणि ज्या वाड्या-वस्त्यांची नावं मी ऐकलीही नव्हती त्या. एकेक पट्टी मी खिडकीच्या काचेला चिकटवत गेलो. ऊन मागून आलं, निगेटिव्ह मनात सुलटं करून बघायची मला सवय आहेच, आणि खिडकीभर लग्नं लागली. नवरा-नवरी, हार, तसबिरींपुढे मेणबत्त्या, हात जोडून बसलेली माणसं, आणि सगळीकडे पांढरं. पांढऱ्या साड्या, पांढरे फेटे, पांढऱ्या टोप्या, पांढऱ्या चादरी. आणि त्या सगळ्या पांढऱ्यातून चेहरे. एकही हरवलेला नाही. एका म्हातारीला दात नव्हते आणि ती हसत होती, तर तिची हिरडी दिसत होती. एका बापाच्या डोळ्यांत पाणी होतं, ते दिसत होतं. तीन दुपारी मी त्या खिडकीसमोर बसलो. कुरिअरची खोकी फोडली नाहीत. बाहेर कोणी हाक मारली तरी मला ती दुसऱ्या कुठल्या गावातून आल्यासारखी वाटायची. त्या माणसांतलं एकही मला ओळखत नव्हतं आणि ती सगळी माझ्याकडेच बघत होती.

तिसऱ्या दुपारी मला घाम फुटला.

सुईला पांढरं कळत नाही. तिला वाटतं, जगातली प्रत्येक वस्तू माझ्या त्या पाटीसारखी राखी आहे. समोर पांढरंच पांढरं आलं की ती म्हणते, बाप रे, केवढा उजेड, भिंगाचं दार लावा. दार लावलं की कपडे व्यवस्थित राखी होऊन येतात आणि आमच्या काळ्या मातीतल्या माणसांची सावळी तोंडं अंधारात जातात. अचूक सुई हेच करणार. अचूक असल्यामुळेच करणार. आणि गुरुजींची सुई इतकी वर्षं दीड स्टॉप खाली होती. मुद्दाम. ती उजेड कमी सांगायची, म्हणून कडी फिरवून भिंग जास्त उघडलं जायचं, आणि तेवढा जास्तीचा उजेड त्यांनी प्रत्येक चेहऱ्यासाठी राखून ठेवला होता, बोटाच्या नखाएवढ्या तुकड्यात. मी तो चिमट्यानं उपटला आणि फुंकर मारून उडवला.

हे मला आधी का कळलं नाही? कारण माझ्या डोक्यातलं लग्न म्हणजे हळद, हिरवा चुडा, लाल शालू. त्यात सुईला काही अडचण येत नाही. चाळीस वर्षं या गावात उजेड मोजत फिरलो, पण गावातली किती लग्नं पांढऱ्या कपड्यांत लागतात हे मी डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पत्रिका आल्या होत्या. मी गेलो नव्हतो. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती मेकॅनिकची लाज नव्हती.

तरी लगेच गेलो असं समजू नका. आज पाहुणे आहेत, उद्या तब्येत बरी नाही, परवा ऊन फार आहे. चुकलं असं म्हणायला जाणं फार अवघड असतं, विशेषतः ज्यानं चिठ्ठीवर 'अचूक' लिहून सही केलेली असते त्याला. बायकोला सगळं सांगितलं तेव्हा तिनं भाकरी थापता थापता फक्त एवढंच विचारलं, "मंग ते गुरुजी अजून भिंतीकडंच तोंड करून हाईत का?" त्या दिवशी चार वाजता मी कॅमेरा, डबा आणि हत्यारांची पिशवी घेऊन निघालो.

गुरुजींचं घर जुन्या जालन्यात, विहाराच्या मागच्या गल्लीत. सुजातानं खुर्ची दिली, पाणी दिलं. गुरुजी खाटेवर होते, पाठ माझ्याकडे. अंगात स्वच्छ धुतलेला पांढरा शर्ट.

"गुरुजी," मी म्हणालो, "हात न्हाई गेला तुमचा. चूक माझी हाय. काचेमागची पट्टी मी काढली."

पाठ हलली नाही. मग भिंतीकडूनच आवाज आला, "कंची पट्टी?"

"डोळ्यापुढची. गोल कापलेली. मला वाटलं घाण हाय."

ते सावकाश उठून बसले. जाड चष्म्यातून माझ्याकडे बघत राहिले. सुजाता दारात उभी होती, तिला काहीच समजत नव्हतं.

"घाण?" गुरुजी म्हणाले.

"हो."

"चार दिवस लागल्ते मला ती बसवाय. धा तुकडे कापले, मंग एक बराबर बसला."

ते पुढे बोलत राहिले, पण माझ्याशी कमी आणि स्वतःशीच जास्त. "माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात पहिल्यांदा काढले फोटो. सगळ्यांनी नवे पांढरे कपडे घातल्ते, उसने-पासने आणून. मी मोठ्या ऐटीत रोल धुतला. माय फोटो हातात घेऊन म्हणली, वामन, कापडं आली रे, माणसं न्हाई आली." त्यांनी चष्मा काढून पुसला. "कवाच न्हाई विसरलो मी ते."

मला राहवलं नाही. मी विचारलं, "पण गुरुजी, रोलचा आकडा लावायची वरची डायल कमी आकड्यावर ठेवली असती तरी सुई तेवढीच खाली आली असती. आतच कशाला?"

"डायल कोणीबी फिरवतं. लग्नात कॅमेरा धा जणांच्या हातात जातो. जावई म्हणतो मी काढतो, भाचा म्हणतो मी काढतो, अन् रोलच्या डबीवर आकडा बघून डायल नीट करून ठेवतो." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "म्हणलं, आतलं कोण काढतंय?"

आणि मग ते हसायला लागले. आधी खांदे हलले, मग आवाज आला. सुजाता आधी घाबरून पुढे आली, मग तीही हसली आणि हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागली. मी एकटाच हसलो नाही. मला हसायचा हक्क नव्हता.

हसणं थांबल्यावर गुरुजी साध्या आवाजात म्हणाले, "लग्नाला आले असते तर कळलं असतं तुम्हाला."

त्यात राग नव्हता. शाळेत चुकलेलं गणित दाखवतात तसं ते म्हणाले. मी म्हणालो, "न्हाई आलो गुरुजी. आधीबी न्हाई आलो, आताबी न्हाई. चुकलं माझं."

नवा तुकडा हवा होता. गुरुजींनी वाया गेलेला लग्नाचा रोल मागितला. दारात, उन्हाकडे धरून, चष्म्याला लावून लावून ते शोधत राहिले. एका ठिकाणी थांबले. तिथे प्रज्ञाचा पदर अख्ख्या चौकटीत पसरला होता, एकसारखा राखी. "हा बघा. पाहिजे तसा हाय." शिवणाची छोटी कात्री घेऊन त्यांनी तो गोल कापला. पहिला वाकडा गेला, दुसराही. तिसरा जमला. काचेमागे बसवायचं काम मी केलं, डिंक त्यांनी लावला. ओट्यावर सुई मोजली तर दीडच्या थोडी पुढे, पावणेदोन.

"जरा जास्त झाला, गुरुजी."

"असू द्या. आमच्या पोरीचा पदर हाय, जास्तच जीव लावणार."

पुढच्या रविवारी प्रज्ञा नवऱ्याला घेऊन माहेरी आली. सुजातानं तिला लग्नाची साडी परत नेसायला लावली. गल्लीतल्या ज्या बायका लग्नात होत्या त्यांनीही आपापली पांढरी लुगडी काढली, कुरकुरत, एकमेकींची चेष्टा करत. सगळे अंगणात उभे राहिले. मला सुईपाशी काही गडबड झाली तर बघायला बोलावलं होतं, म्हणून मी कडेला उभा होतो. गुरुजी स्टुलावर बसले, कॅमेरा डोळ्याला लावला आणि कडी फिरवायला लागले.

"तुम्ही कुठं चालले?" ते एकदम म्हणाले. "तिकडं उभे ऱ्हा, शेवटी."

"मी कशाला? घरचा फोटो हाय."

"काका, या की जल्दी," सुजाता म्हणाली, "बाबांचा हात अवघडून राह्यला."

मी गेलो. माझ्या अंगात दुकानातला पांढरा सदरा होता, कोपराला तेलाचा डाग असलेला. शेजारच्या आजीनं मला थोडं पुढे ओढलं. अंगणात चार वाजताचं ऊन होतं, भिंतीवर, साड्यांवर, सगळीकडे, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते किती आहे याचा मी मनात आकडा धरला नाही. मी नुसता उभा राहिलो. बटण वाजलं.

तो रोल मी दुसऱ्या दिवशी धुतला. सगळे आले. प्रज्ञाच्या नाकातली चमकी आली, आजीच्या कपाळावरचं गोंदण आलं. आणि शेवटी मी. फोटो स्टुडिओत माझा चेहरा नेहमी पावडर लावून किंवा यंत्रावर उजळ करून देतात. ओळखपत्रांवर मी कोणीतरी फिकट माणूस दिसतो. इथे मी माझ्या रंगाचा होतो, डोळे उघडे, जरा ओशाळलेला. बायकोनं फोटो हातात घेतला आणि म्हणाली, "हे तुम्ही दिसून राह्यले."

गुरुजींनी नवी रसायनं मागवून स्वतः छापलेली एक प्रत मला पाठवली, कॅमेरा मात्र परत मागून घेतला. सुजाता सांगते, ते आता सकाळी ओट्यावर येऊन बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवून उभं करतात. मी ती प्रत दुकानात टेबलासमोर लावली आहे. आलेली माणसं बघतात, एवढी सगळी पांढऱ्या कपड्यांतली माणसं आणि कडेला मी. विचारतात, हा कोणाच्या लग्नातला फोटो? मी सांगतो की लग्नाला मी गेलो नव्हतो. नंतर गेलो.